ज्याचा टॅग त्यानेच काढायचा

सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी थंडगार होती आणि तिच्या दाराच्या कडीला एक लाल टॅग लटकत होता. 'चालवू नका. काम चालू आहे. – तेन्हो.' त्या टॅगसमोर फिनलंडच्या निरनिराळ्या अणुवीज केंद्रांतले पाच बडे अधिकारी हाताची घडी घालून उभे होते. सहावा, संचालक मंडळाचा अध्यक्ष एकहोल्म, कमरेला टॉवेल गुंडाळून बाकावर बसला होता. ऑगस्टची संध्याकाळ, तळ्यावरून येणारा बोचरा वारा. टॉवेलवर माणसाने अध्यक्षपण सांभाळायचं तरी किती वेळ?

त्या पाचांत सगळ्यात जास्त घोर लागला होता तो इल्पो कुर्किनेनला. समुद्रकाठच्या एका केंद्रात तो कामकाजप्रमुख होता. तिथला संचालक निवृत्त होत होता आणि ती खुर्ची इल्पोच्या हाताशी आलीच होती, पण मध्ये एक सर्वेक्षण कडमडलं. माणसांनी नाव न घालता लिहिलं, इल्पोची शिस्त मोठी, पण काही बिघडलं तर त्याला सांगायला जाण्यापेक्षा बर्फ फोडून समुद्रात उतरलेलं बरं. आता बर्फ फोडून समुद्रात उतरणं ही तर आमच्याकडे हौसेची गोष्ट, तरी मुद्दा केंद्राच्या संचालक मंडळाला कळला. अणुवीज केंद्रात वाईट बातमी वर पोचली नाही तर काय होतं, हे काय सांगायला हवं? तेव्हा तळ्याकाठच्या प्रशिक्षण केंद्रात वरिष्ठांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला त्याची तीन दिवस रवानगी झाली. शेवटच्या संध्याकाळी एकहोल्म स्वतः येणार, त्याच्याबरोबर सौनात बसणार आणि मग खुर्ची द्यायची की बाहेरचा माणूस आणायचा ते ठरवणार.

प्रशिक्षक हेन्रिकने इल्पोला पहिल्याच दिवशी गृहपाठ दिला होता. "एका तरी माणसाने तू कुठे चुकलास ते तुझ्या तोंडावर सांगायला हवं. तू सबब सांगायची नाहीस. नुसतं ऐकायचं."

इल्पो गृहपाठही शिस्तीने करणारा माणूस. तो तीन दिवस दिसेल त्याला गाठून विचारत सुटला, माझं काय चुकतं? दुसऱ्या केंद्रांतले लोक म्हणाले, आम्ही तुला ओळखतच नाही. शेवटी खुर्च्या मांडणाऱ्या, कॉफी आणून देणाऱ्या पांढऱ्या मिशांच्या रखवालदारालाही त्याने विचारलं. रखवालदार म्हणाला, "विचार करून सांगतो." इल्पोने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही.

आणि शेवटच्या दिवशी सकाळी वर्गात प्रत्येकाला आपल्या नेतृत्वाचा एक अभिमानाचा प्रसंग सांगायचा होता. इल्पोने ठेवणीतला काढला. तरुण असताना तो शिफ्टप्रमुख होता. एका फिटरने पंपाच्या व्हॉल्व्हला लाल टॅग लावला, काम संपवलं आणि टॅग तसाच ठेवून गडी गेला स्वतःच्या लग्नाला. केंद्र सुरू करायचं खोळंबलं. आता या धंद्यातला नियम असा की ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा, कारण तो माणूस यंत्राच्या पोटात असेल की नाही हे दुसऱ्याला काय ठाऊक? मंत्री आला तरी त्याने हात लावायचा नाही. तेव्हा इल्पोने गाडी पाठवली आणि नवरा-नवरीचा पहिला नाच, वॉल्ट्झ, चालू असताना नवरदेवाला मांडवातून उचलून आणलं. फिटर लग्नाच्या सुटात आला, टॅग काढला, परत गेला. तोवर वाजंत्रीवाले घरी गेले होते. वर्ग खो खो हसला. मागे कुणाच्या तरी हातातून कपबशी निसटली, तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आता सौनात त्या टॅगपुढे उभं राहून सगळ्यांचं एकमत झालं की ही परीक्षाच आहे. हेन्रिक शपथा घेऊन सांगत होता की मी काही लावलेलं नाही, पण परीक्षक असंच म्हणणार, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. एकहोल्म कागदाच्या धंद्यातून आलेला माणूस. त्याचे दात वाजायला लागले होते.

"अरे, मग काढा की तो टॅग," तो म्हणाला.

देवळात कुणी शिवी हासडावी तसे पाचहीजण त्याच्याकडे बघायला लागले. इल्पो म्हणाला, रखवालदाराला शोधून आणतो. स्वयंपाकघरातल्या बाईने सांगितलं की तेन्हो तळ्यापलीकडच्या नाचाच्या मांडवात गेलाय, फोन इथेच ठेवून. "आज त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली ना. त्यांचा मूळचा समारंभ म्हणे कुणीतरी नासवला होता."

इल्पोने मनात पंचवीस वर्षं मागे मोजली. तेन्हो! पांढऱ्या मिशा बाजूला केल्यावर त्या फिटरचा चेहरा त्याला दिसला. तीन दिवस तो त्याच्या हातची कॉफी पीत होता, आणि सकाळी त्याच्याच देखत त्याची गोष्ट सांगून लोकांना हसवत होता. लाजेने त्याचे कान तापले. त्याने प्रशिक्षण केंद्राची सायकल काढली आणि सूट-बुटात पायडल मारत निघाला.

मांडवात अकॉर्डियन वाजत होतं. तेन्हो दारातच उभा होता, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

"उशीर केलास," तो म्हणाला. "मला वाटलं, अर्ध्या तासात येशील."

"तेन्हो, भट्टीला काय झालंय?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"मग टॅग?"

"तू विचारलंस ना, माझं काय चुकतं? मी विचार केला. म्हटलं, सांगायचं तर माझ्या बायकोने, औनेने सांगावं. पण तुला बोलावलं असतं तर तू आला असतास का? लाल टॅग म्हटल्यावर मात्र तू उडत येणार."

तेवढ्यात मांडवातला लाल दिवा लागला. तो लागला की नाचाला बायकांनी पुरुषांना बोलवायचं, आणि बोलावलेल्या पुरुषाने नाही म्हणायची रीत आमच्याकडे नाही. निळ्या झग्यातली एक ठेंगणी बाई तरातरा आली आणि इल्पोसमोर हात पुढे करून उभी राहिली. ही औने. इल्पोने कळवळून सांगितलं की अध्यक्ष टॉवेलवर बसलाय, माझी खुर्ची पणाला लागलीय, तेन्होला फक्त दहा मिनिटं सोड. औनेने सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याच्या खिशात हात घातला. फिटरची नोकरी सुटली तरी तेन्होच्या खिशातले कोरे टॅग काही सुटले नव्हते. तिने एक काढला, त्यावर सावकाश लिहिलं आणि इल्पोच्या कोटाच्या बटणभोकात ओवून गाठ मारली. 'हलवू नका. काम चालू आहे. – औने.'

"आता जा बघू," ती म्हणाली.

इल्पो कसा जाणार? जन्मभर ज्या नियमासाठी लोकांना ताटावरून उठवलं, तो नियम स्वतःच्या छातीवर लटकत होता. तो नाचला. वाईट नाचला. आणि नाचता नाचता औनेने त्याला सांगितलं की त्या दिवशी तिने पहिला वॉल्ट्झ काकाबरोबर पुरा केला आणि पाहुणे खाली माना घालून भात भरलेले पिराके खात राहिले. नियमाबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. "तेन्हो विसरला, चुकला. यायलाच हवं होतं. पण एक शब्द, इल्पो? माफ कर म्हणून एक फोन? आणि वर इतकी वर्षं त्याचा विनोद करून सांगतोस."

इल्पोने सबब सांगायला तोंड उघडलं. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. "माफ कर, औने," तो म्हणाला.

हेन्रिकच्या गाडीतून एकहोल्म आला तेव्हा इल्पोचा चौथा नाच चालू होता. अध्यक्षाने कपडे चढवले होते, राग मात्र उघडाच होता. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "हा काय पोरखेळ आहे? तो टॅग काढ आणि चल. मला आज निर्णय द्यायचाय."

"मला तो काढता येत नाही," इल्पो म्हणाला.

"मी सांगतोय, काढ."

अकॉर्डियन थांबलं. इल्पोला खुर्ची दूर जाताना अगदी स्पष्ट दिसली. "तुलाही येत नाही, एकहोल्म," तो हळूच म्हणाला.

एकहोल्म काही बोलणार, तोच औनेची ऐंशीची मावशी हात पुढे करून त्याच्यासमोर उभी राहिली. लाल दिवा अजून चालूच होता.

सौना त्या रात्री तापला नाही, निर्णयही झाला नाही. एकहोल्म निघताना एवढंच म्हणाला की हे लचांड सुटलं की बघू. आणि लचांड काही सुटेना, कारण पहाटे औने आणि तेन्हो विमानाने स्पेनच्या बेटांवर फिरायला गेले, पंधरा दिवसांसाठी, आणि टॅग राहिला इल्पोच्या कोटावर.

सोमवारी तो तोच कोट घालून केंद्रात गेला. आधी फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, हे काय? इल्पोने सांगितलं. त्याच गोष्टीत आता हसं इल्पोचंच होत होतं. मग कॅन्टीनमध्ये विचारलं, कंट्रोल रूममध्ये विचारलं. जो तो हसायचा आणि हसून झाल्यावर, सहज आठवलं म्हणून, आणखी एखादी गोष्ट सांगून जायचा. कुठे व्हॉल्व्ह ठिबकतोय, कुठे नव्या पोरीला तिचा शिफ्टप्रमुख बोलूच देत नाही. दुसऱ्या आठवड्यात इल्पोला स्वतःच्या केंद्राची जेवढी माहिती झाली, तेवढी आधीच्या कित्येक वर्षांत झाली नव्हती.

औने उन्हाने लालबुंद होऊन परतली आणि गुरुवारी टॅग काढायला केंद्रात आली.

"मला वाटलं, तू विसरलीस," इल्पो म्हणाला.

"पंचवीस वर्षं विसरले नाही, पंधरा दिवसांत विसरेन होय?"

इल्पो चुळबुळला. "आणखी एक दिवस राहू दे की. उद्या पंपघरातली दोघं काहीतरी सांगायला येणारेत. टॅग दिसला नाही तर दारातूनच परत जातील."

"काम संपलं की टॅग निघतो. नियम तुझाच," असं म्हणत औनेने गाठ सोडली.

शुक्रवारी दोघं आले. दारात थबकले, इल्पोच्या रिकाम्या बटणभोकाकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं. इल्पोने उठून स्वतः तीन कप कॉफी ओतली. ते बसले. मग त्यातला थोरला घसा खाकरून म्हणाला, "गेल्या महिन्यात तू पंपाची तपासणी पुढे ढकललीस ना इल्पो, ते चुकलं तुझं."

टेबलावरचा फोन वाजायला लागला. पडद्यावर एकहोल्मचं नाव होतं. दोघेही उठायला लागले. इल्पोने हाताने त्यांना बसवलं, फोन पालथा घातला आणि म्हणाला, "बोला. पहिल्यापासून सांगा."