जगूकाकांची दाढी

जगूकाका दाढी करताना आरशात बघत नाहीत. पाण्याच्या वाटीत बघतात.

वाटी त्यांच्या ओट्याच्या कठड्यावर, डाव्या हाताला असते. स्टीलची, काठोकाठ भरलेली. उजव्या हातात रेझर, गालावर फेस आणि डोळे वाटीवर. समोर खिळ्याला आरसाही टांगलेला आहे, पण तो शोभेपुरता. त्याचं असं आहे, की आमच्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात गेली काही वर्षं जमीन अधूनमधून हलते. काचा वाजतात, फळीवरचे डबे एकमेकांवर आपटतात, एखाद्या भिंतीला तडा जातो आणि क्षणात सगळं पुन्हा शांत होतं. आम्ही दोन-चार दिवस अंगणात झोपतो आणि विसरून जातो. काका विसरत नाहीत.

"गालावर पातं असताना जमीन हलली तर?" असा त्यांचा सवाल असतो. "आधी वाटीतलं पाणी हलणार. पाणी हललं की आपलं पातं वर. मग जमिनीला काय करायचं ते करू दे. आपलं सांगून ठेवतो."

"आपलं सांगून ठेवतो" हे मी काकांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या लग्नाच्या दिवशी. मी दारात उभी, पुढ्यात तांदळाचं माप, सगळ्यांचं लक्ष माझ्या पायाकडे. मी पाय उचलणार तेवढ्यात शेजारच्या कुंपणावरून आवाज आला, "सूनबाई, जरा हळू! तो उंबरा निसरडा आहे. आपलं सांगून ठेवतो!" मी इतकी दचकले की माप लवंडायच्या ऐवजी उडालंच. तांदूळ सासूबाईंच्या अंबाड्यात गेले. त्या दिवसापासून जगूकाका माझे शेजारी.

त्यांची चिकूची वाडी आहे, मधे मधे नारळ. नारळाखालून जाताना ते हेल्मेट घालतात. काकांकडे दुचाकी नाही, आयुष्यात कधी नव्हती. हेल्मेट मात्र दोन आहेत, एक पाहुण्यांसाठी. विहिरीला कठडा आहे, कठड्यावर जाळी आहे आणि जाळीला कुलूप आहे. कुसुमकाकी गॅस पेटवतात तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात ओलं पोतं घेऊन उभे राहतात. "चहा करतेय मी, होळी नाही," काकी म्हणतात. रोज म्हणतात. गळ्यात जानवं आणि जानव्याला शिट्टी. जमीन हललीच तर गल्लीला जागं करायला.

एवढ्या भीतीतून एक गोष्ट मात्र कमालीची चांगली झाली होती. काकांचा हात. पाऊण तास चालणाऱ्या त्या दाढीत त्यांनी उभ्या जन्मात स्वतःला एक ओरखडा काढलेला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता. बाकी कशाचाच नव्हता.

म्हणून गेल्या थंडीत एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि कुंपणाशी उभं राहून हळूच म्हणाले, "वर्षा, ते दाढीचं विजेचं यंत्र मिळतं ना, तुझ्या नवऱ्याकडे आहे तसलं? मला घ्यायचंय," तेव्हा माझ्या हातातल्या तपासायच्या वह्या खाली पडल्या. टीव्हीचं बटण दाबायला लाकडी पाटावर उभा राहणारा हा माणूस! पाऊस नसतानाही रबरी चपला घालून पंखा लावणारा!

"काका, कशासाठी? तुमचा रेझर तर..."

"घ्यायचंय," ते म्हणाले.

मी त्यांना डहाणूच्या बाजारात घेऊन गेले. दुकानदार गुजराती, बोलका. त्याने डबा उघडला आणि उत्साहाने म्हणाला, "काका, आ तो पाणीमां पण चाले!"

काका दोन पावलं मागे सरकले. "वीज पाण्यात कशाला चालवायची?"

"अहो, धुता येतो म्हणतोय तो," मी म्हणाले.

"याचं पातं कुठंय?"

"जाळीच्या आत."

"म्हणजे दिसत नाही." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "दिसतं त्या पात्यापासून माणूस जपेल. न दिसणाऱ्यापासून कसा जपणार? आपलं सांगून ठेवतो." आणि तरीही त्यांनी तो शेव्हर घेतला. घरी येईपर्यंत पिशवी हात लांब करून धरली होती, आत साप असल्यासारखी.

पहिला दिवस चार्जिंगमधे गेला. शेव्हर एका परातीत ठेवला होता, परात अंगणात, वायर खिडकीतून बाहेर काढलेली. काका दहा फुटांवर खुर्ची टाकून बसले होते आणि शेजारी वाळूची बादली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तोच शिट्टी वाजली.

एकदा नव्हे. लागोपाठ, जीव तोडून.

गल्ली बाहेर पडली. मी पोळपाट हातात घेऊन धावले. समोरच्या वहिनी अर्ध्या वेणीत, माझा नवरा अंगाला साबण लावलेला, टॉवेलवर. सगळे रस्त्याच्या मधोमध, माना वर करून घरांकडे बघत. जमीन काही हलत नव्हती. काका ओट्यावर उभे होते. तोंडात शिट्टी, चेहरा पांढराफटक आणि बोट वाटीकडे. वाटीतलं पाणी खरंच थरथरत होतं. बारीक, गोल गोल लहरी येत होत्या.

कुसुमकाकी बाहेर आल्या. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग वाटीशेजारी कठड्यावर घरघरत पडलेल्या शेव्हरकडे पाहिलं. त्यांनी तो उचलला. पाणी शांत झालं.

लोक किती हसले ते सांगत नाही. मीही हसले. पुढचे आठ दिवस काकांना बघून पोरंटोरं "घर्रर्र" करायची. मला वाटलं, यंत्र आता माळ्यावर जाणार. पण दुसऱ्या सकाळी कठड्याकडून पुन्हा घरघर ऐकू आली. तिसऱ्या सकाळीही. मी कुंपणावरून पाहिलं. काका डोळे घट्ट मिटून, दात आवळून, शेव्हर गालावरून फिरवत होते. कपाळावर घाम होता. दाताच्या डॉक्टरकडे बसलेला माणूस दिसतो तसे दिसत होते. महिनाभर हे चाललं. रेझर तिथेच कोनाड्यात होता, पण त्याला त्यांनी हात लावला नाही.

"कुणी सांगितलंय यांना हे?" मी काकींना विचारलं.

"देव जाणे. आणि आता रविवार आला की सकाळी उठून कुठेतरी जातात. बागायतदारांची बैठक म्हणतात. बैठकीला कुणी टॉवेल घेऊन जातं का?"

त्यानंतरच्या एका रविवारी मतदार यादीच्या कामासाठी मी तलासरीकडच्या एका पाड्यावर गेले होते. आम्हा शिक्षकांचा रविवार असाच जातो. घराघरात जायचं, नावं विचारायची, फॉर्म भरायचे. पाड्याच्या टोकाला एक कौलारू घर होतं. एक बाई अंगणात भात वाळत घालत होती. मी नाव विचारायला तोंड उघडलं आणि घरातून ओळखीचा आवाज आला.

"तू हल रे देवजी. बिनधास्त हल. मी तुझ्याबरोबर हात हलवतो."

मी दारातून डोकावले. आत खाटेवर एक वाळलेला म्हातारा टेकून बसला होता. त्याची मान सारखी डुलत होती, हातही कापत होते. त्याच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळलेला. समोर स्टुलावर जगूकाका. एका हाताने त्यांनी त्याची हनुवटी तोलली होती, दुसऱ्या हातातला शेव्हर त्या डुलण्याच्या तालावर पुढे-मागे जात होता.

देवजीला मी ओळखत होते. काकांच्या वाडीत चाळीस वर्षं त्याने चिकू उतरवले. तीन वर्षांपूर्वी कंपवाताने हात कापायला लागले, तेव्हा मुलाने त्याला घरी आणलं. मुलगा कंपनीत जातो, रविवारीसुद्धा. अंगणातली बाई ही त्याची सून.

"न्हावी हात लावत नाय," ती मला हळू आवाजात सांगायला लागली. "मान हलते ना. दाढी छातीपर्यंत आलेली. बाबांना लाज वाटायची, कुणी आलं की तोंड भिंतीकडं करायचे. दिवाळीनंतर शेठ भेटायला आले. म्हणाले मी करतो, माझा हात चुकत नाय. रेझर लावला आणि इथं कापलं." तिने कानाखाली बोट ठेवलं. "लय रक्त आलं. थांबेना. बाबा हसत होते, काय नाय शेठ, काय नाय शेठ. शेठ मात्र तिथंच जमिनीवर बसून रडले."

म्हणजे महिनाभर त्यांनी ते यंत्र आधी स्वतःच्या गालावर चालवून पाहिलं होतं.

मी काही बोलणार, तेवढ्यात तो आवाज आला. ज्यांनी ऐकलाय त्यांनाच तो कळेल. जमिनीच्या पोटातून काहीतरी अवजड धडकत गेल्यासारखा. मग पायाखालून सरकन काहीतरी निघून गेलं आणि कौलं खडखडायला लागली. मी शाळेत मुलांना दर महिन्याला शिकवते, घाबरायचं नाही, रांगेत बाहेर पडायचं. मी फॉर्म टाकले आणि अंगणाच्या पार टोकाला पळाले. सून माझ्या मागोमाग आली. पाड्यातली सगळी घरं रिकामी होत होती, कोंबड्या ओरडत होत्या. एक कौल घसरून आमच्या डोळ्यांसमोर पायरीवर फुटलं.

"बाबा!" सून किंचाळली. खाट बाहेर काढायला चार माणसं लागतात, ती कुठून आणणार?

"काका, बाहेर या!" मी ओरडले. "काका!"

जमीन थांबली. तो थोडासाच वेळ असेल. काका आत होते आणि मला आत जायचा धीर होत नव्हता, हे मी कबूल करते. सून आधी गेली, मग मी.

जगूकाका खाटेवर होते. देवजीच्या अंगावर पूर्ण ओणवे झालेले, दोन्ही हातांनी त्याचं डोकं छातीशी धरलेलं. डोळे मिटलेले. ओठ निळसर पडले होते. आता देवजी कमी आणि काकाच जास्त कापत होते. मुठीतला शेव्हर चालूच होता आणि काकांच्या सदऱ्यावर घरघरत होता. पाठीवर मातीचा थर पडला होता.

"शेठ," त्यांच्या काखेतून देवजीचा आवाज आला. "गेला तो. आता सोडा. श्वास घेता येत नाय मला."

काकांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. सावकाश उठून बसले. आमच्याकडे पाहिलं, वर कौलांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे दाराकडे धूम ठोकणार.

"अर्धा गाल राहिलाय," ते म्हणाले.

मी जाऊन देवजीचं डोकं धरलं. माझे हात कापत होते, काकांचे कापत होते, देवजीचे तर कापतच होते. पण गाल स्वच्छ झाला. एक ओरखडा नाही. सुनेने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं, तसा तो दाराकडे वळून बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायला लागला.

परतीला मी काकांना माझ्या स्कूटरवर घेतलं. येताना ते रिक्षा, एसटी आणि पुन्हा रिक्षा असे आले होते, आणि गेले चारही रविवार तसेच येत होते. या एवढ्या हलणाऱ्या भागात. माझा खांदा त्यांनी घट्ट धरला होता. मग म्हणाले, "कुसुमला सांगू नकोस. घाबरेल."

"काका, तुम्ही बाहेर का नाही आलात?"

"पाय उठले नाहीत गं. मी काही शूर नाही." एक चढ संपल्यावर ते पुढे म्हणाले, "चाळीस वर्षं तो झाडावर आणि मी खाली. मला वर बघवायचं नाही. खालून ओरडायचो, देवजी, ती फांदी कच्ची आहे. देवजी, पाय बघून टाक. बाकीचे मजूर हसायचे. कुसुम हसते, तूही हसतेस. हसण्यासारखंच आहे, मला काय कळत नाही? पण देवजी दर वेळी वरून म्हणायचा, हो शेठ. फांदी पक्की असली तरी म्हणायचा. एवढ्या वर्षांत एकदाही चुकला नाही."

रस्ता सरळ होता, रिकामा होता, ऊन उतरत आलं होतं.

"पुढे वळण आहे," काका मागून म्हणाले. "जरा हळू घे."

वळण यायला अजून चांगला एक किलोमीटर होता.

"हो काका," मी म्हणाले आणि गाडी हळू केली.