वडोबाला न चालणारे हार

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं. पण कोणी विचारलंच, तर "मला बाई काय माहीत" असं म्हणायची तिथली रीत होती. अशा या शहाण्या जंगलात गुणाजी साळिंदर राहायचा. त्याचं हारांचं दुकान होतं.

साळिंदराला सुई शोधावी लागत नाही. पाठीवरचा एक काटा उपसला की झालं. गुणाजीने केळीच्या दोऱ्यात शेवंती ओवली की फूल फुलाला असं बिलगून बसायचं, जणू दोन्ही एकाच देठावर उमलली होती. जंगलात दुसरा हारवाला नव्हता. म्हणजे एक अस्वल होतं; पण ते ओवता ओवता फुलांतला मध चाटायचं. असा ओला हार कोण गळ्यात घालणार?

गुणाजी देवभोळा होता. सकाळी आंघोळ करून तो जुन्या वडाला, म्हणजे वडोबाला, पहिला हार वाहायचा. मगच दुकान उघडायचा. एकेक फूल ओवताना त्याच्या तोंडी वडोबाचं नाव असायचं.

एके सकाळी दुकानात दोन पाणमांजरं आली. सुबराव आणि लहानू. दोघेही नर. डोहाकाठच्या एका बिळात ते नऊ वर्षं एकत्र राहत होते. जंगल त्यांना "मित्र" म्हणायचं, आणि म्हणताना जरा खोकायचं.

"गुणाजीकाका, दोन हार हवेत," सुबराव म्हणाला. "पुनवेच्या सकाळी. लग्नाचे."

"वा! कोणाचं लग्न?"

"आमचं."

"दोघांचं एकदम? बरं केलंत, मांडव एकच लागेल. मुली कुठल्या?"

लहानू लाजला. "मुली नाहीत, काका. मी आणि हा."

गुणाजीचे सगळे काटे ताठ उभे राहिले. तो रागावला नव्हता बरं का. साळिंदर घाबरलं तरी काटे उभेच राहतात. बघणाऱ्याला फरक कळत नाही, एवढंच.

"नाही रे जमायचं," तो म्हणाला. "वडोबाला चालायचं नाही."

"वडोबाने सांगितलं तसं?"

"वडोबा कधी बोलतो का? त्याच्या मनातलं ओळखावं लागतं."

सुबरावने पुढचे दोन्ही पंजे दुकानाच्या फळीवर ठेवले. "काका, नऊ वर्षांत माझी आई आमच्या दारात आली नाही. परवा म्हणाली, करा लग्न, मी येते. पण हार गुणाजीचाच हवा. तिच्या लग्नात तुमच्या वडिलांनी केलेला हार होता. तीही वडोबाचीच भक्त. तुमचा हार नसेल, तर हे लग्न ती लग्न धरणार नाही."

गुणाजीला वाईट वाटलं. तो मनाने चांगला होता. "दुसरं काहीही मागा," तो म्हणाला. "वाढदिवसाचा हार देतो. सत्काराचा देतो. मेल्यावर तर दोघांना एकसारखे देईन, अगदी भरगच्च."

"मेल्यावर चालतं वडोबाला?" लहानूने विचारलं.

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. गुणाजी आधीच सारखी असलेली फुलं पुन्हा सारखी करू लागला, तेव्हा दोघे निघून गेले.

दुपारी जेवताना गुणाजीची बायको हौसाबाई म्हणाली, "बोक्याच्या चौथ्या लग्नाला तुम्ही हार दिलात. आधीच्या तिघी मांडवात बसून डोळे पुसत होत्या. कोल्ह्याने बदकिणीशी लग्न केलं, त्यालाही दिलात. दिवस मावळायच्या आत बदकीण शिल्लक राहिली नाही. तेव्हा वडोबा कुठे गेला होता?"

"तेव्हा तो काही म्हणाला नाही."

"मग आता काय म्हणाला?"

गुणाजीने घाईघाईने कंदाचा मोठा घास घेतला. भरल्या तोंडी बोलू नये, असे त्याच्यावर संस्कार होते.

पण मुलांनो, गुणाजी ढोंगी नव्हता. ढोंगी असता तर त्याला सगळं सोपं गेलं असतं. या हारात वडोबाचं नाव घ्यावं कसं, आणि नाव न घेता ओवावं कसं, हे त्याला खरोखर कळत नव्हतं. दोन दिवस त्याच्या हातून धड एक वेणीही झाली नाही.

प्रकरण वाघोबा महाराजांपुढे गेलं. जंगलात दोन कायदे होते. पहिला : दुकान उघडलं की गिऱ्हाइकाचं तोंड बघून त्याला परत पाठवायचं नाही. दुसरा : कोणाच्या आणि त्याच्या देवाच्या मध्ये राजाने यायचं नाही. दोन्ही कायदे महाराजांनी एकाच दिवशी केले होते, जेवणानंतर.

लगेच कोल्ह्याने 'वडोबा बचाव समिती' काढली. वडोबाला काही झालं नव्हतं, पण समिती झाली. ते पाहून लांडग्याने 'पाणमांजर न्याय समिती' काढली. त्याला पाणमांजरांचा फार कळवळा होता अशातला भाग नाही. कोल्ह्याची समिती आहे म्हटल्यावर त्याला राहवेना. सभा झाल्या, घोषणा झाल्या. गुणाजीला काय वाटतं आणि त्या दोघांना काय हवंय, हे विचारायला मात्र कोणाला सवड झाली नाही.

महाराजांनी दोन्ही बाजू ऐकल्या. एक जांभई दिली. मग निकाल दिला.

"फुलं विकणं हा धंदा आहे. ओवणं ही भक्ती आहे. गुणाजीने फुलं आणि दोरा द्यावा. ओवायचं काम या दोघांनी करावं. दोन्ही कायदे जिंकले."

दोन्ही समित्यांनी गुलाल उधळला. गुणाजीने टोपलीभर फुलं निवडून दिली. एकही किडकं फूल त्याने टोपलीत जाऊ दिलं नाही. सुबराव आणि लहानू टोपली घेऊन डोहाकडे गेले.

पुनवेची सकाळ उजाडली. गुणाजीला आमंत्रण होतं. लहानू स्वतः येऊन देऊन गेला होता. "मी जाणार नाही," असं गुणाजीने हौसाबाईला चार वेळा सांगितलं. मग "फुलं कशी टिकलीत तेवढं बघून येतो" असं पुटपुटत तो निघाला आणि मांडवाशेजारच्या करवंदीच्या जाळीमागे जाऊन उभा राहिला.

सुबरावची आई चंद्राक्का आली होती. ती पुढेच बसली होती. तिची नजर हारांवर होती.

आणि हार कसले ते! माशाच्या काट्याने ओवलेले. झेंडू उलटा, शेवंती चुरगळलेली. एक हार वीतभर, दुसरा पायात घोटाळणारा. शिवाय दोन्हींना मासळीचा वास.

"हे काय गळ्यात घालणार तुम्ही?" चंद्राक्का म्हणाली आणि काठी टेकत उठू लागली.

सुबरावचा चेहरा उतरला. त्याने तसाच हार उचलला. लहानूने मान पुढे केली. तेवढ्यात खालची गाठ सैल झाली आणि फुलं एकामागून एक घसरू लागली.

जाळीमागे गुणाजीने डोळे गच्च मिटले. वडोबाचा धावा केला. पण कान कसे मिटणार? टप्. टप्. टप्. दुसऱ्या कोणाला तो आवाज ऐकूही आला नसता. गुणाजीला मात्र कोणी त्याचे काटे उपसत असल्यासारखं झालं.

"अरे गाठ धर! खालची गाठ धर, गाढवा!"

ओरडत तो थेट मांडवात घुसला. सगळे वळून बघू लागले.

"मी हार करत नाहीये!" त्याने सर्वांना बजावलं. "हार यांचाच. मी नुसती गाठ सुधारतोय. गाठीला वडोबाची हरकत नाही."

त्याने बसकण मारली आणि पाठीचा काटा उपसला. गाठ सुधारली. मग शेजारचा झेंडू सुलटा केला. त्यामुळे पलीकडची शेवंती वाकडी दिसू लागली. तीही सारखी केली. असं करत करत दोन्ही हार पहिल्या फुलापासून शेवटच्या फुलापर्यंत नव्याने ओवून झाले.

शेवटच्या फुलाशी त्याच्या लक्षात आलं, आपले ओठ हलताहेत. सवयीने वडोबाचं नाव चालूच होतं.

तो थबकला. त्याने टेकडीवरच्या वडाकडे पाहिलं. वड उभा होता तसाच उभा होता.

गुणाजीने शेवटचं फूल ओवलं.

चंद्राक्का पुन्हा खाली बसली. तिने एक हार हातात घेऊन ओढून पाहिला. फूल हललं नाही. "मग, बघत काय बसलात?" ती मुलावर खेकसली. "घाला की."

आणि लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी कोल्ह्याच्या समितीने जाहीर केलं, गुणाजी बाटला. लांडग्याच्या समितीने जाहीर केलं, गुणाजीने माफी मागितलीच नाही. मग दोन्ही समित्यांनी मिळून त्याच्या दुकानावर मोर्चा नेला. इतकी एकी जंगलाने पूर्वी कधी पाहिली नव्हती.

मोर्चा पांगल्यावर दोन साळुंक्या दुकानात आल्या. दोघी माद्या. दोघी घाबरलेल्या.

"लग्नाचे हार हवेत," एक हळूच म्हणाली. "आमचेच."

गुणाजीचे काटे उभे राहिले. मग हळूहळू बसले.

"असल्या लग्नाचे हार मी करत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "वडोबाला चालत नाही. पण बिघडलेले हार मी सुधारून देतो."

"मग आधी हार कोणाकडून करून घेऊ?"

"त्या अस्वलाकडून घ्या. फक्त त्याला सांगा, जरा वाईट कर म्हणावं."

तात्पर्य : मुलांनो, ज्याला आपल्या तत्त्वावर ठाम राहायचं असेल, त्याने आपलं काम फार चांगलं शिकू नये.