कार्ड नंबर सतरा

सेतुमामांच्या वाचनालयात मागितलेलं पुस्तक मिळालं, असा माणूस निदान माझ्या पाहण्यात नाही. पहिल्या रविवारी मी अगदी नम्रपणे एखादी बरी कादंबरी मागितली. मामांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं, कपाटापाशी गेले, पाठमोरे उभे राहून पुस्तकांच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि शेळीपालनावरचं एक मळकट पुस्तक आणून माझ्यापुढे ठेवलं.

"मामा, मी कादंबरी म्हटलं होतं."

"ऐकलों की. पण आतां ह्याचा नंबर."

"मी पेरुंगुडीत सातव्या मजल्यावर राहतो. शेळ्या कुठे पाळू?"

"पाळूं नका. वाचा. पंधरा दिवसांत परत आणा, सार. झालं."

मी ते नेलं, आणि सांगायला लाज वाटते, पण वाचलंही. पुढच्या चार वर्षांत त्या माणसाच्या कृपेने मी गर्भवतीचा आहार, कीर्तनकारांसाठी सूचना, विहिरींची खोदाई आणि घरगुती शिवणकाम एवढे विषय संपवले. अजून लग्न नाही, विहीर नाही, शिवणयंत्र नाही. ते वाचनालयही आता नाही, आणि ते बंद पाडण्यात सगळ्यात मोठा हात माझा आहे. म्हणून हे लिहितो आहे. लिहून काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे.

पश्चिम मांबलम स्टेशनाजवळच्या एका गल्लीत आमच्या मराठी मंडळाची इमारत आहे. तिच्या मागच्या खोलीत हे वाचनालय, रविवारी दहा ते बारा. सेतुमामा तंजावरकडचे मराठी. त्यांचं घराणं कधीकाळी राजांच्या मागे इकडे आलं ते इकडचंच झालं. त्यांची मराठी आपल्या पणजोबांना कळली असती, तिचा हेल मात्र शेजारच्या इडलीवाल्यालाही आपला वाटावा. आम्ही सांगली-नाशिकहून नोकरीला आलेली मंडळी आधी त्यांच्या बोलण्याला हसायचो. मग मंडळातलीच मुलं तमिळमध्ये भांडायला लागली, तेव्हा हसणं थांबलं.

मामांनी सगळी नोकरी आवडी नावाच्या उपनगरातल्या एका सरकारी कारखान्यात केली. स्टोअरकीपर. एवढं कळलं की त्यांचा विक्षिप्तपणा अर्धा उलगडतो. स्टोअरमध्ये एखादी वस्तू तीन वर्षं जागची हलली नाही, कुणी मागितलीच नाही, की साहेब येऊन तिच्यावर शेरा मारतात आणि ती भंगारात जाते. आमच्या कार्यकारिणीने नेमका तसाच ठराव केला होता. जागा कमी पडते म्हणून तीन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं पुस्तक रद्दीत काढायचं. मामांनी तो ठराव ऐकला, आणि त्या दिवसापासून सभासदाला काय हवं हा प्रश्नच त्यांच्या लेखी संपला. कुठल्या पुस्तकाची तीन वर्षं भरत आली आहेत, तेवढं ते पाहायचे. ज्याची मान सुरीखाली, ते आमच्या हातात.

"चांगलीं पुस्तकं आपलीं आपण जगतील," ते म्हणायचे. "हीं गरीब. ह्यांस कोण विचारणार?"

त्यांचं आणखी एक होतं. नवं पुस्तक आलं की ते आमच्यापुढे सरकवत म्हणायचे, "सार, चष्मा घरीं राहिला. वरचं नांव काय तें वाचा." चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून आमच्याकडे बघत असायचा. मी एकदा तो दाखवला. मामांनी खिशाकडे पाहिलं, म्हणाले, "हा नाही, दुसरा." आम्ही ही त्यांची लहर समजलो. म्हातारा माणूस, एखादी लहर असायचीच. नाव ऐकलं की ते पुस्तकावर नंबर घालायचे, आणि मग तो नंबर जन्मात विसरायचे नाहीत. वहीतही नाव कधी नसायचं, पुस्तकाचा नंबर आणि कार्डाचा नंबर, बस.

तुम्ही विचाराल, मग तिथे जायचंच कशाला? या शहरात सरकारचं एक भलंमोठं वाचनालय आहे. मजल्यावर मजले, थंडगार, खुर्च्या अशा की माणूस बसल्याबसल्या झोपावा. मी तिथेही जातो, मला फार आवडतं ते. मागाल ते पुस्तक मिळतं. पण तिथे मी सहा महिने गेलो नाही तर कुणाला पत्ता लागणार नाही. मांबलमला एक रविवार चुकला की पुढच्या वेळी मामा विचारायचे, "गेल्या रविवारीं काय झालं? ताप?" आई सोडली तर असं विचारणारं मला दुसरं कुणी नव्हतं. माझं वाचनप्रेम म्हणतात ते एवढंच.

आणि या माणसाचं मी भलं करायला निघालो.

मंडळात कुजबुज सुरू झाली होती. गणपतीच्या पथकाचे ढोल ठेवायला खोली हवी होती. सेक्रेटरी पाटणकर श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात मॅनेजर आहेत. माणूस वाईट नाही, पण रिकामी जागा दिसली की त्यांना स्वस्थ बसवत नाही. मला वाटलं, वाचनालय किती चालतं हे आकड्यांनी दाखवलं तर सगळ्यांची तोंडं बंद होतील. मामांच्या वह्या मागून घेतल्या. त्यांनी "बघा की" म्हणून विश्वासाने दिल्या. तीन रविवार बसून मी सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवल्या. नंबरांचे ढीग नुसते. पण आकडे बघून मी हरखलो. देवघेव भरपूर होती! त्यातही एक सभासद असा की त्याच्यापुढे बाकीचे काहीच नाहीत. कार्ड नंबर सतरा. हा माणूस आठवड्याला चार-चार पुस्तकं नेत होता. आणि सगळ्यात जास्त वेळा गेलेलं पुस्तक, तेही याच कार्डावर, दर पंधरा दिवसांनी मुदत वाढवून घेतलेलं: केळीची लागवड.

मी कुणालाच काही विचारलं नाही. नुसतं मामांना विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण मला सर्वांना चकित करायचं होतं.

वार्षिक सभेत मी भिंतीवर रंगीत तक्ते दाखवले. केळीच्या लागवडीला चांगला हशा मिळाला. मग मी आवाज चढवून म्हणालो की मंडळाने आपल्या सर्वोत्तम वाचकाचा शाल-नारळ देऊन सत्कार करावा, आणि सभासदांची यादी उघडून कार्ड नंबर सतराचं नाव मोठ्याने वाचलं. "श्रीमती रुक्मिणीबाई!"

कुणी उठेना. पहिल्या रांगेतल्या मालतीबाई, त्या मामांच्याच तंजावरकडच्या, मान वळवून म्हणाल्या, "रुक्कू? सेतूची बायको? ती जाऊन आठ वर्षं झालीं की हो."

सभागृहात मागून कुणीतरी म्हणालं, "वरून येतात वाटतं पुस्तकं न्यायला," आणि सगळे हसले. मामा दाराशी उभे होते. हातात चहाचा ट्रे होता, कारण सभेला चहा तेच वाटायचे. त्यांनी ट्रे हळूच टेबलावर ठेवला.

पाटणकरांनी सौम्य आवाजात विचारलं, "मामा, हे काय?"

"पुस्तक हललं पाहिजे म्हणून सांगटलात. मी हलवलों."

"पण वाचलं कुणी?"

मामा ट्रेमधले कप सरळ करू लागले. पाटणकर माझ्याकडे वळले. सतरा नंबर वगळला तर किती उरतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी बटण दाबलं. भिंतीवरचे रंगीत खांब झरझर खाली आले आणि तळाशी जेमतेम एक रेघ राहिली. मी उठून मामांच्या बाजूने बोलायला लागलो, तर माझाच तक्ता माझ्या पाठीमागे लावलेला. पाच मिनिटांत ठराव मंजूर झाला. मला त्या दिवशी स्वतःची जेवढी शिसारी आली, तेवढी आजवर कुणाची आली नाही.

शेवटच्या रविवारी सभासदांनी हवी ती पुस्तकं घेऊन जावीत, उरलेली रद्दीवाला नेईल, असं ठरलं. मामा दाराशी उभे राहून येईल त्याला विचारत होते, "तुम्हास काय पाहिजे?" चार वर्षांत हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. लोकांनी पाककृतींची पुस्तकं नेली, दिवाळी अंक नेले. माझी वेळ आली तेव्हा मला एकाही पुस्तकाचं नाव आठवेना. मी तसाच परतलो. दुपारी टेम्पो आला. शेळीपालन गेलं, विहिरी गेल्या, सगळं गेलं. आता तिथे ढोल आहेत.

दोन रविवार मी तोंड लपवून बसलो. तिसऱ्या रविवारी दहा वाजता, सवयीने म्हणा, मांबलमला उतरलो आणि मामांच्या घरी गेलो. दोन खोल्या. मी क्षमा मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "गेल्या दोन रविवारीं काय झालं? ताप?" आणि आत जाऊन कॉफी घेऊन आले.

मग त्यांनी कपाटातून खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. मध्ये कॅलेंडरच्या पानाचा तुकडा खूण म्हणून घातलेला.

"सार, एक काम. येथून पुढें वाचून दाखवाल?"

"चष्मा घरी राहिला का?" मी हसायचा प्रयत्न केला.

"चष्मा काय करायचा," ते म्हणाले. "हीं अक्षरं मला येत नाहींत. आम्ही तमिळ शाळेंत शिकलों. घरीं मराठी बोलायची, लिहायची तमिळ अक्षरांत. ती हिंदीच्या परीक्षा दिली होती, तिला येत होतं. रोज संध्याकाळीं ती वाचायची, मी ऐकायचों. मी जें आणीन तें. ज्याचा नंबर तें." त्यांनी खुणेवर बोट ठेवलं. "येथवर आली."

मी कव्हर उलटून पाहिलं. केळीची लागवड. पान चौसष्ट.

आठ वर्षं हा माणूस बायकोच्या कार्डावर पुस्तकं घरी आणत होता, आणि ती वाचून दाखवणारं घरात कुणी नव्हतं. अडीच हजार पुस्तकं सांभाळली, आणि त्यातलं एकही त्याला वाचता येत नव्हतं. आणि मी भर सभेत त्याला शाल-नारळ द्यायला निघालो होतो.

मी वाचायला लागलो. घड पोसत असताना झाडाला आधार द्यावा. पाणी बेताने द्यावं. मामा डोळे मिटून ऐकत होते, मध्येच "हं" म्हणत होते, एखाद्या गोष्टीत पुढे काय होतं ते ऐकावं तसं. एकदा घड दिला की ते झाड पुन्हा फळत नाही, ते बुंध्याशी कापून टाकावं, हे वाचून मी थांबलो. मामांनी डोळे न उघडता पाण्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. वीस-बावीस पानं उरली होती. शेवटी खतांचा तक्ता होता, तोही मी वाचला.

"झालं?"

"झालं, मामा."

त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, कॅलेंडरचा तुकडा काढून सदऱ्याच्या खिशात चष्म्यामागे ठेवला.

"वाचून झालं नव्हतं म्हणून मुदत वाढवत होतों," ते म्हणाले. "आतां झालं. आतां ठेवूं नये. ती कधीं एक दिवस उशीर केली नाहीं."

ते उठले, पायांत चपला घातल्या, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मग वळून त्यांनी ते पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"सार, परत कोणाकडे द्यायचं?"

मला हात पुढे करवला नाही.