दोनशे सतराची प्रार्थना

नेव्हिल पॉडमोर हा दक्षिण गोलार्धातला सर्वांत तल्लख गुप्तहेर होता. हे मत त्याचं स्वतःचं. दुसऱ्या कुणाचं विचारायची वेळच आली नाही. सदतीस वर्षं त्याने लोकांच्या अंगणातले पाण्याचे मीटर वाचले होते. अंगावर कुत्रा येत असताना जो आकडा अचूक वाचतो, त्याच्यापासून सत्य लपत नाही, असं तो म्हणे. मंडळाची हरवलेली कढई त्यानेच शोधली होती. अकरा दिवसांत. ती भांडी धुण्याच्या यंत्रात निघाली आणि यंत्र त्याच्याच घरचं होतं, पण ते असो.

मंडळ म्हणजे टेकडीवरच्या निलगिरीच्या झाडांत जमून जुन्या देवतांना भजणारे चौदा जण. जुन्या म्हणजे किती जुन्या, हे विचारायचं नसे. आत येताना नवं नाव घ्यायचं. कुणालाच 'बदक' व्हायचं नव्हतं, त्यामुळे सध्या मंडळात तीन लांडगे, दोन चंद्रकोरी आणि एक वज्रबाहू होता. वज्रबाहू एरवी दातांच्या दवाखान्यात फोन घेई. नेव्हिल स्वतः 'काकछाया'. गुडघे ठणठणीत असतानाही सगळे काठी घेऊन फिरत आणि बाहेरच्या जगाला 'निद्रिस्त' म्हणत.

नाव घेतलं की मंडळाची विधींची वही स्वहस्ते उतरवून काढायची. जशीच्या तशी, अक्षरही न बदलता.

बुधवारी मंडळाची प्रमुख मेरेडिथ नेव्हिलकडे आली, काखेत बिस्किटांचा डबा घेऊन. डब्यात तिचा नवरा क्लेम होता, म्हणजे त्याच्या अस्थी. शनिवारी, पितरांच्या सणाला, त्या टेकडीवर सोडायच्या होत्या. तेव्हा मंडळाची नावाड्याची प्रार्थना म्हणावी, अशी क्लेमची शेवटची इच्छा होती.

"नेव्हिल, माझी नात म्हणते, ही प्रार्थना तिने ड्रॅगनच्या कुठल्याशा कादंबरीत वाचलीय."

"कुठल्या?"

"आठवत नाही म्हणे. सगळ्या सारख्याच दिसतात."

"अशक्य! ती इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या नावाड्यांची आहे. हजार वर्षांची. माझ्या आजीने मला—"

"मग सिद्ध कर. गोष्टीतल्या उसन्या शब्दांवर मी क्लेमला नाही सोडणार. डबा फ्रिजवर राहील. मी गेले की बघा दोघांचं काय ते."

ती गेल्यावर नेव्हिलने वही उघडली. प्रार्थना अशी होती:

*जा, ओलांड पाणी. होडी हलकी आहे. मागे वळून दोनशे सतरा पाहू नकोस. तिकडे दिवा लावलाय.*

'दोनशे सतरा' म्हणताना सगळे उजवा हात वर करत. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून तर ते पवित्र होतं.

निष्कर्ष तिसरा (पहिल्या दोघांच्या आधी सुचला)
कादंबरीकार वेष पालटून मंडळात घुसला आणि प्रार्थना चोरून गेला. संशयित: सर्वांत नवा लांडगा. अडचण: तो जन्मला तेव्हा प्रार्थना मंडळात येऊन दहा वर्षं झाली होती.

निष्कर्ष पहिला
दोनशे सतरा म्हणजे पावलं. नेव्हिल टेकडीवरच्या संडासापासून वेदीच्या दगडापर्यंत चालला. तीनशे चाळीस भरली. तो परत ढांगा टाकत चालला. बरोबर दोनशे सतरा! पुरावा मिळाला आणि जांघेत उसण भरली.

निष्कर्ष दुसरा
हा लिहिताना बायको आली.

"काय शोधतोयस?" जॉइसने विचारलं.

"ते पुस्तक. सगळी वाचनालयं पालथी घातली."

"ड्रॅगनवालं? जाडजूड?"

"तुला काय ठाऊक?"

"आपल्या वॉशिंग मशीनच्या आखूड पायाखाली एक आहे. वीस वर्षं. तूच ठेवलंयस."

दोघांनी मिळून मशीन उचललं. पुस्तक दमट झालं होतं. मधोमध बसचं जुनं तिकीट. उजवीकडच्या पानावर प्रार्थना सुरू होत होती; वाक्य अर्ध्यात तुटून पान संपत होतं, तळाला आकडा होता दोनशे सतरा, आणि उरलेलं वाक्य पुढच्या पानावर.

"तुमची मूळ वही कुणी लिहिली होती रे?" जॉइसने विचारलं.

नेव्हिल खाली, ओल्या फरशीवर बसला. मंडळ नवं होतं. उद्यापर्यंत काहीतरी प्राचीन आण, असं त्याला सांगितलं होतं. कामावर जाताना बसमध्ये त्याने ते उतरवलं होतं, बघून बघून. आजी मागाहून सुचली. चाळीसेक वर्षं सांगून सांगून तिचा आवाजसुद्धा त्याला आठवायला लागला होता.

"बोलू नकोस कुणाला," तो म्हणाला.

"मी कशाला बोलू? तू बोलणारेस. ऊठ."

मेरेडिथने दारातच पुस्तक हातात घेतलं आणि वाचलं. बराच वेळ.

"हा नावाडी हे कुणासाठी म्हणतो?"

"घोडीसाठी," नेव्हिल पुटपुटला. "म्हातारी होऊन मेलेली. मला मंडळातून काढ, मेरेडिथ."

तिचे खांदे हलायला लागले. रडतेय, असा निष्कर्ष नेव्हिलने काढला. तो चौथा. हाही चुकला.

"घोडी!" हसता हसता तिने भिंत धरली. "अन् आमचा क्लेम हात वर करून, डोळे मिटून..." तिने डोळे पुसले. "आमचं पहिलं बाळ गेलं, तेव्हा त्याने हेच म्हटलं होतं रे. दुसरं काही त्याच्या तोंडून निघेना. लबाड तू आहेस, नेव्हिल. प्रार्थना काय करील त्याला?"

"म्हणजे शनिवारी...?"

"शनिवारी तूच वाच. पण हे पुढेही चाललंय की. अर्ध्यातच का सोडलंस?"

"माझा थांबा आला."

शनिवारी, उन्हं कलताना, नेव्हिल काठी न घेता उभा राहिला आणि कधीच न वाचलेल्या ओळींपर्यंत गेला.

*पोचला तो. आता उठा. थंडी पडेल. घरी जा, काहीतरी गरम खा.*

मेरेडिथने डबा उपडा केला. वाऱ्याने क्लेमला थोडं टेकडीवर नेलं, थोडं वज्रबाहूच्या झग्यावर. मग सगळे सांगितल्याप्रमाणे उठले आणि भोपळ्याच्या सूपसाठी मेरेडिथच्या घराकडे उतरू लागले. ती सगळ्यांच्या पुढे होती. मध्येच थांबायची, "घोडी!" म्हणायची आणि परत चालू लागायची.