डुलूथचे सरदार हौगेन यांनी करखात्याकडून दंडमाफी मिळविली ती हकीकत

ऐकणारे आयुष्यवंत होवोत, आणि आलेला कागद वेळीच वाचणारे होवोत. अमेरिकेतील डुलूथ शहरी चुकलेल्या रकमेची मोहीम कैसी जाहली ऐसे पुसणे आले, त्यावरोन जे घडले ते पदरचे काही न घालता लिहितो.

राजमान्य राजेश्री ऑर्विल हौगेन, उमर चौऱ्याहत्तर, यांनी सुपीरियर सरोवरी लोहखनिजाच्या जहाजांवर बत्तीस साल इंजिनाचा कारभार केला आणि मग निवृत्त होवोन बंदरावरील टेकडीस घर करोन राहिले. तुफानास कधी भ्याले नाहीत, परंतु कोणाची मदत मागणे म्हणजे त्यांस किल्ला हातचा गेल्यासारखे वाटे. म्हातारपणाची पुंजी दोन खात्यांत होती, एक थोरले आणि एक जहाज कंपनीकडील धाकटे. सरकारचा कायदा ऐसा जे, त्र्याहत्तरी गाठलेल्याने दरसाल या पुंजीतून ठरीव रक्कम काढावी, आणि करपत्रकात दाखवोन तीवर कर भरावा. न काढील त्यास राहिल्या रकमेचा चौथा हिस्सा दंड.

दोन हजार चोवीस साली थोरल्या खात्याची रक्कम आपोआप आली. धाकट्याचा खलिता ऑक्टोबरात आला की चार हजार शंभर डॉलर आपण होवोन मागवावे. सरदारांनी खलिता डोळ्यांपाशी नेला, मग हातभर दूर धरिला, आणि मग स्क्रूड्रायव्हरांच्या खणात कैद केला. तैसेच साल सरले.

पुढे मार्चात, सरोवरी बर्फ कायम असता, सरदार करपत्रक मांडोन बसले, आणि त्यांच्या पत्नी मर्नाबाई खिळा शोधीत खण उघडत्या जाहल्या, तो बंदिवान हाती लागला.

"ऑर्विल, हे काय?"

"जाहिरात असेल."

"जाहिरातीत तुझं नाव, जन्मतारीख आणि एकतीस डिसेंबरची मुदत? बरीच माहितगार जाहिरात आहे."

दंडाचा आकडा हजार पंचवीस डॉलर निघाला. सरदारांचे तोंड उतरले, आणि मग त्यांनी माफीचा अर्ज रचावयास घेतला. आधी टपालखात्यावर तोहमत ठेविली, मग हिमवादळावर. मर्नाबाईंनी दोन्ही मसुदे फाडिले. "टपाल आलं होतं, ऑर्विल. खणापर्यंत पोचलंसुद्धा."

तिसरे दिवशी बाईंनी सरदारांस सार्वजनिक वाचनालयात दाखल केले. तेथे थिओडोरा पेल्टियर नामे निवृत्त शिक्षिका लोकांची करपत्रके फुकट तपासोन देत. त्यांनी सरदारांच्या पत्रकावरोन पेन्सिल फिरविली आणि थांबविली.

"थोरल्या खात्याचे आठ हजार दोनशे लिहिलेत तुम्ही. कागदावर सहा हजार दोनशे आहेत. न काढलेल्या दोन हजारांवर कर भरायची हौस आहे का?"

"शक्यच नाही."

"मग हा आकडा वाचून दाखवा बरं."

"चष्मा घरी राहिला."

मर्नाबाई बोलल्या, "ऑर्विल, चष्मा तुझ्या नाकावर आहे."

सरदारांनी चष्मा काढिला, सदऱ्यास पुसिला, परत घातला, आणि मग बहुत हळू बोलले, "गेल्या उन्हाळ्यापासून बारीक अक्षर दिसत नाही. सगळं धुक्यात असल्यासारखं. सांगितलं असतं तर तू गाडीची किल्ली काढून घेतली असतीस."

"घेणारच आहे, मूर्खा! म्हणजे इतके महिने मला शेजारी बसवून तू अंदाजाने गाडी हाकत होतास?" ऐसे म्हणोन बाई रागे भरल्या, परंतु सरदारांची बाही जी मुठीत धरिली ती घरी पोचेतो सोडिली नाही.

पेल्टियरबाईंनी हुकूम दिला तो ऐसा: आठाचा सहा करावा; धाकट्या खात्याची रक्कम आजच मागवावी; ती येताच दंडमाफीचा निराळा फॉर्म भरावा, आणि सोबत कारण लिहावे ते खरे. "त्यांनी हजारो सबबी वाचल्यात, हौगेनसाहेब. नवी रचायला जाऊ नका."

मग पैसे आले, आणि स्वयंपाकघरात सरदार बोलत गेले आणि मर्नाबाई लिहीत गेल्या: "मला कागद वाचता आला नाही. लाज वाटली म्हणून कुणाला सांगितलं नाही. आता सांगितलंय, आणि रक्कम काढली आहे." बत्तीस साल इंजिने चालविणारा पुरुष, तीन ओळींस दोन पेले कॉफी लागली. एप्रिलच्या चौदा तारखेस लखोटा रवाना जाहला. मे महिन्यात उजव्या डोळ्याचा मोतिबिंदू काढिला, जूनमध्ये डाव्याचा, आणि किल्लीचा तह मर्नाबाईंच्या अटींवर जाहला.

ऑगस्टाच्या नऊ तारखेस करखात्याचे पत्र पावले: कारण मान्य, दंड माफ. मर्नाबाईंनी फोडावयास हात पुढे केला, परंतु सरदारांनी तो हलकेच बाजूस सारिला आणि ओसरीत उभे राहोन पत्र मोठ्याने वाचिले. मग पाठीमागील बारीक छपाई वाचिली, मग लिफाफ्याच्या कोपऱ्यातील छापखान्याचा क्रमांकदेखील. बाईंचे सार निवोन गेले, तरी त्या पुरे म्हणाल्या नाहीत.

येणेप्रमाणे हजार पंचवीस डॉलर राखोन फत्ते जाहली. दफ्तरी नोंद केली असे.