चौसष्ट बैठका

समताने फोन ठेवला आणि यादीतलं आठवं नावही खोडलं. उद्या सकाळी गुरुग्रामच्या हॉटेलात आठ टेबलं मांडलेली असणार, प्रत्येक टेबलाशी तोर्वियाचा एक कारखानदार बसलेला असणार आणि त्याच्यासमोरची खुर्ची रिकामी. आठही भारतीय उद्योजक एका मोठ्या देशाच्या प्रदर्शनाला चालले होते. तिथे जेवण होतं.

तोर्विया इतका लहान देश आहे की नकाशात त्याचं नाव शेजाऱ्याच्या हद्दीत छापावं लागतं. तिथे उत्तम स्प्रिंगा तयार होतात आणि त्या जगात खपवायचं काम वकिलातींकडे असतं. दिल्लीची वकिलात म्हणजे वसंत विहारातल्या एका बंगल्याचा तळमजला, एक राजदूत आणि व्यापार विभाग. व्यापार विभाग म्हणजे समता रामटेके, मूळची नागपूरची, करारावर. स्प्रिंगा किती विकल्या हे तोर्वियाच्या राजधानीतून कोणी विचारत नसे. बैठका किती झाल्या हे मात्र न चुकता विचारत. वर्षात साठ झाल्या नाहीत तर विभाग बंद आणि समता घरी. आतापर्यंत चार झाल्या होत्या, त्यातल्या दोन राजदूतांच्या दातांच्या डॉक्टरबरोबर. सगळी भिस्त उद्याच्या आठ गुणिले आठवर होती.

तिने धाकट्या भावाला, सिद्धांतला, फोन लावला. तो राजेंद्र नगरात यूपीएससीची तयारी करत होता.

"आठ जण लागतील. ब्लेझर घालून."

"ब्लेझर सगळ्यांकडे आहे, ताई. इंटरव्ह्यूसाठी शिवून ठेवलाय, कॉल तेवढा यायचाय. पण बोलायचं काय यार?"

"काही नाही. मान हलवायची आणि कार्ड घ्यायचं."

इथेच तिचं चुकलं. चार वर्षं अभ्यास करून बसलेल्या माणसाला समोर परदेशी पाहुणा दिला, तर तो नुसती मान हलवेल कसा?

आठही जण वेळेआधी हजर झाले. आदल्या संध्याकाळीच त्यांनी तोर्वियाचा इतिहास, भूगोल आणि परराष्ट्र धोरण संपवलं होतं, तीन रंगांच्या पेनांनी. घंटा वाजली. पहिल्या टेबलावर लातूरच्या अक्षताने द्विपक्षीय संबंधांचे चार टप्पे सांगून 'पुढील दिशा' मांडली. दुसरीकडे आशयने मुक्त व्यापाराच्या दोन्ही बाजू मांडून समतोल निष्कर्ष काढला. सिद्धांत तर समोरच्याला त्याच्याच देशातल्या नद्या समजावून देत होता. पाहुणे भारावून ऐकत होते. एकानेही स्प्रिंगांचा विषय काढला नाही, याचं समताला नवल वाटलं आणि हायसंही वाटलं. दर घंटेला मुलं पुढच्या टेबलावर सरकत होती आणि राजदूत वहीत आठ रेघा ओढत होते.

अकराच्या सुमारास तात्याराव भोईटे आले. मानेसरला त्यांचा सीटबेल्टची बकलं बनवायचा कारखाना होता. वकिलातीच्या वेबसाइटवर सूचना वाचून ते नाव न नोंदवता सरळ निघून आले होते, खिशात एक तुटकी स्प्रिंग घेऊन. खरा उद्योजक येईल हे समताने धरलंच नव्हतं. चहाच्या सुट्टीत तात्याराव सगळी टेबलं फिरले आणि तिच्यापाशी आले.

"मॅडम, कोणी दरच सांगेना. ही स्प्रिंग दाखवली, तर एकाने मला श्वास कसा सोडायचा ते शिकवलं. छान शिकवलं, बरं वाटतंय. पण स्प्रिंगचं काय?"

समता तडक राजदूतांकडे गेली.

"आमचे कारखानदार येत नाहीत," ते हळूच म्हणाले. "त्यांना ऑर्डरी असतात. ही मंडळी ऋषिकेशला योग शिकत होती, गाडी पाठवून आणली. नागरिक मात्र आमचेच आहेत. आणि तुमचे?"

"परीक्षेला बसणारी मुलं आहेत. नागरिक आमचेच आहेत."

दोघांनी कॉफी घेतली. पुढची घंटा राजदूतांनी स्वतः वाजवली.

तात्यारावांना तसंच परत पाठवणं मात्र समताच्या जिवावर आलं. तिने कोपऱ्यात बसून कॅटलॉग उघडला, माप जुळवलं, तोर्वियाच्या कारखान्यात फोन लावला आणि दर काढून दिला. तात्यारावांनी तिथल्या तिथे महिन्याला दोन लाख स्प्रिंगांची मागणी लिहून दिली. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच तिने स्प्रिंग विकली होती. तिला इतका आनंद झाला की अहवालाच्या शेवटी तिने तेही लिहून टाकलं.

आठवड्याने राजधानीचं उत्तर आलं. चौसष्ट बैठकांबद्दल अभिनंदन, करार आणखी तीन वर्षांसाठी वाढवला आहे, पुढच्या वर्षी शंभर कराव्यात. खाली दोन ओळी होत्या: मानेसरच्या श्री. भोईटे यांची नोंदणी आढळत नाही, सबब मागणी थांबवली आहे. त्यांनी रीतसर अर्ज भरावा.

समताने अर्ज पाठवला. तात्यारावांनी तो त्याच दिवशी भरला आणि 'येण्याचा हेतू' या रकान्यात लिहिलं, 'खरेदी'.

अर्ज नामंजूर होऊन परत आला. हेतू म्हणून परिचय, संवाद आणि सहकार्य एवढेच चालत होते.