वाळवंटाची तालीम

येरमाळ्याच्या शिवानंदशेठनी आपल्या शेतमालाच्या आडत दुकानाला हौसेची सुट्टी कधी दिली नव्हती. त्यामुळे एका सकाळी पाठीवर भलीमोठी बॅग अडकवून, पांढऱ्या पायजम्याखाली निळे बूट घालून ते उंबऱ्याबाहेर पडले, तेव्हा त्यांच्या बायको उमाबाई बघतच राहिल्या. घरात दोन घास निवांत खायला वेळ नाही आणि निघालेत वाळवंटात चालायला, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. पण भाकरी-चटणी त्यांनीच बॅगेत कोंबली.

वाळवंटाचं खूळ मुलीचं, शिवप्रियाचं. ती पुण्यात नोकरीला होती आणि जानेवारीत जर्मनीला जाणार होती. त्याआधी डिसेंबरात जैसलमेरच्या पुढं, पाठीवर बिऱ्हाड घेऊन, मुक्काम करत वाळवंट पायी पालथं घालायचा तिचा बेत होता. ती गावी आली असताना, मीबी येतो, असं शेठ जेवताना सहज बोलून गेले. पोरीनं मान वर करून "खरंच अप्पा?" असं विचारलं. तिचं सगळं लहानपण त्यांनी वजनकाट्यापाशी बसून घालवलं होतं. तिची एक सहल नाही, एक गॅदरिंग नाही. ती परदेशी निघाल्यावर हे त्यांच्या ध्यानात आलं होतं आणि फार लागलं होतं.

"खरंच. शब्द दिला," ते म्हणाले.

शिवप्रियानं मात्र आधी तालीम मागितली. येरमाळ्याहून माळामाळानं शेजारच्या तालुक्याची वाशी गाठायची. ओझ्यासकट, पायी, दिवस बुडायच्या आत. ऑक्टोबरचं ऊन वाळवंटाच्या तोंडात मारील असं होतंच. जमलं तर तिकिटं दोघांची, नाहीतर ती एकटी जाणार.

आता ऐन सोयाबीनच्या सुगीत आडत्या शिवारातून पायी हिंडताना कुणी पाहिला नव्हता. पहिल्याच शेतातल्या रणधीरनं लांबूनच शेठना ओळखलं आणि मळणी यंत्र बंद केलं. आडत्या माल शोधत बांधावर आला, म्हणजे माल कमी आहे, म्हणजे भाव चढणार, हा हिशोब त्यानं घाम पुसेपर्यंत मांडून टाकला. शेठनी त्याला खरं ते सांगितलं. पोरीसोबत वाळवंटात जायचंय, त्याची प्रॅक्टिस चाललीय. रणधीर आदरानं हसला. शेठसारखा माणूस एवढी मोठी थाप मारतोय म्हटल्यावर भावही तेवढाच मोठा चढणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही. त्यानं पुढच्या शिवारात फोन लावला.

मग बांधाबांधावर माणसं मूठ पुढं करून उभी. शेतकऱ्यानं नमुना पुढं केला की आडत्यानं दाणा दाताखाली फोडून बघायचाच, ही रीत. न बघता पुढं गेला तर माल नापास केला असा अर्थ होतो आणि सोयरीक तुटल्यासारखा माणूस तुटतो. शेठ दाणे फोडत राहिले. फोडलेल्या दाण्यामागं चहा आला. नमुन्याच्या पुड्या बॅगेच्या प्रत्येक कप्प्यात गेल्या. गजराबाईंनी तर शेठ दमलेले दिसतात म्हणून नमुना चांगला पायलीभर दिला. शिवप्रिया दर वेळी थोडं पुढं जाऊन बाभळीखाली थांबायची.

ऊन डोक्यावर आलं तरी निम्मी वाट सरली नव्हती.

"अप्पा," ती शांतपणे म्हणाली, "सकाळपासून तुम्ही माझ्याशी एकच वाक्य बोललाय. बूट चावतोय म्हणून."

शेठना कसंनुसं झालं. पुढच्या बांधावर घोळका दिसला, तसं त्यांनी हात वर करून लांबूनच सांगितलं, "आत्ता नगं. मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी आणा. म्या स्वतः घेतो."

जादू झाली. माणसं माना डोलवत बाजूला झाली. सोमवार शंकराचा आणि मार्गशीर्ष लांबचा, म्हणून शेठच्या तोंडून तो निघून गेला होता. पुढं प्रत्येक बांधावर त्यांनी तेच सांगितलं आणि वाट मोकळी झाली.

ती दुपार शेठना जन्मभर पुरली असती. पोरगी बोलत होती. जर्मनीची भीती वाटते म्हणाली, हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. शेठनी तिच्या आजोबांचे किस्से सांगितले, एकदा चुकून गाणंही म्हटलं. सूर्य टेकायच्या आत वाशी आली. शिवप्रियानं तिथंच स्टँडवर बसून मोबाइलवर दोघांची डिसेंबरातली तिकिटं काढली.

शेठ मराठी महिने धरून चालणारे, पोरगी इंग्रजी तारखा. पंचवीस वर्षं एका घरात राहून दोघांना त्याची अडचण कधी आली नव्हती. निघायच्या दिवशी सकाळी शेठ बॅग अडकवून, पोरीसोबत दुकानावरून स्टँडकडं निघाले, तर दुकानापासून हमरस्त्यापर्यंत पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग. सोमवार होता. मार्गशीर्षातला पहिला.

"शेठ, तुमच्या शब्दावर दिवाळीलाबी माल इकला न्हाय," पहिल्या ट्रॅक्टरवरून रणधीर म्हणाला.

मुनीम घेईल की, असं उमाबाई म्हणून बघत होत्या. पण 'स्वतः घेतो' हे शेठच बोलले होते आणि ते सगळ्या शिवारानं ऐकलं होतं. शिवप्रिया रांगेकडं बघत राहिली. ती चिडली नाही, याचंच शेठना जास्त वाईट वाटलं.

"ऱ्हावा अप्पा. तुम्ही शब्द दिलाय त्यांना."

"तुलाबी दिलता."

"माझा मोडला तर मी काय दुसऱ्या आडतीला जाणार हाय का?"

हसून बोलली ती. पाया पडली आणि पुण्याच्या एसटीत जाऊन बसली. पण ट्रॅक्टरांमुळं एसटीला रस्ता मिळेना. शेठ खिडकीखाली पाठीवरच्या बॅगेसकट उभे राहिले. शिवप्रियानं खिडकीतून हात बाहेर काढला, तो त्यांनी धरून ठेवला. हे ट्रॅक्टर असेच उभे राहावेत, दिवसभर राहावेत, असं त्यांना फार वाटलं.

शेठच्या पोरीची गाडी अडलीय, हे रणधीरच्या ध्यानात आलं. बिचाऱ्यानं माणुसकीनं आपला ट्रॅक्टर बाजूला घेतला, बाकीच्यांनाही घ्यायला लावला, आणि एसटी सुटली.